झोपलेल्या काड्या

काड्यांना पानं फुटली होती.

लीलाबाईंना वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. पहाटेच्या स्वप्नातही हीच खिडकी होती. रामदास पाठमोरे उभे राहून बोटानं काचेवरची वाफ पुसत होते, अंगात तोच कोपरावर विरलेला तपकिरी स्वेटर. "फुटली गं, लीले," असं काहीसं म्हणाले. काय फुटलं ते विचारेपर्यंत जाग आली. बघतात तर बाहेर बॉबलिंगेन गावावर दाट धुकं, आत हायझुंगची, म्हणजे हीटरची, ऊब, आणि खिडकीतल्या कुंड्यांमधल्या काळ्या काड्यांच्या शेंड्यांना इवली इवली पोपटी पानं. फेब्रुवारीत!

"आजी, शाऊ माल! दी झिंट ग्र्यून!" स्पृहा पायात मोजे न घालताच धावत आली आणि खिडकीच्या कट्ट्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. पोरीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून बाहेर पडायचं ते जर्मनच.

"हो गं बाई, हिरव्या झाल्या," लीलाबाई म्हणाल्या.

मागोमाग ईप्सिता आली. हातात खिरीचा डाव तसाच. सुनेचा चेहरा असा उजळला की लीलाबाईंना तिच्याकडे बघवेना. "अहो आई! बघा, मी म्हटलं नव्हतं? बाहेर राहिल्या असत्या तर गारठून मेल्या असत्या बिचाऱ्या. आणि नेमक्या आज फुटल्या. बाबांच्या स्मृतिदिनाला!"

"तुझा हात चांगला आहे," लीलाबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

सून आणि नात स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि कडेच्या कुंडीतली एक काडी दोन बोटांत धरून हळूच ओढली. काडी सुटून वर आली. बुडाशी एक केससुद्धा नव्हता. नोव्हेंबरात कात्रीनं तिरका काप दिला होता तो जसाच्या तसा, फक्त थोडा काळवंडलेला. त्यांनी काडी पुन्हा मातीत खोचली, माती दाबली, आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. 

बागेतल्या शेजारणीनं, हेगेलेबाईंनी, बजावलं होतं. झाडाची पानं गळली की काड्या कापायच्या, ओल्या वाळूच्या बादलीत उभ्या करायच्या आणि बादली थंडीत बाहेर ठेवून विसरून जायचं. "शलाफेन लासन," म्हणजे झोपू द्यायचं. थंडीतच त्यांची बुडं आतल्या आत तयार होतात. मग वसंतात आधी मुळं, नंतर पानं. ऊब लागली की काडी फसते. तिला वाटतं आला वसंत, आणि साठवलेलं सगळं ती पानांवर उधळून मोकळी होते. मग खायला काही नाही, प्यायला काही नाही, महिन्याभरात वाळते.

लीलाबाईंनी सगळं तसंच केलं होतं. पण जानेवारीत त्या थोडे दिवस लेकीकडे नेकारसुल्मला राहायला गेल्या, नेमकी तेव्हाच कडाक्याची थंडी पडली, आणि ईप्सिताला बाल्कनीतल्या बादलीकडे बघून राहवलं नाही. पुण्याची पोर ती. गारठलेल्या जिवाला आत घ्यायचं, एवढंच तिला माहीत. तिनं नव्या कुंड्या आणल्या, चांगली काळी माती आणली, रोज कोमट पाणी घातलं. लीलाबाई परत आल्या तर काड्या हायझुंगवर आरामात बसलेल्या. बोलायला तोंड उघडलं होतं त्यांनी. पण सून इतक्या मायेनं सगळं दाखवत होती, की म्हटलं असू दे, एखादी मूळ धरेल. एकाही काडीनं धरलं नाही.

आणि उद्या सकाळी बागर येणार होता. बागर म्हणजे ते माती उपसायचं छोटं यंत्र.

त्सुफेनहाउझेनच्या रेल्वे रुळांपलीकडे भाड्यानं मिळणाऱ्या बागांच्या पट्ट्यात रामदासांची बाग होती. मुलगा उज्ज्वल आठ वर्षांचा आणि लेक क्रांती कडेवर, असे ते भोसरीच्या कारखान्यातून इथे आले. पाच-सहा उन्हाळे मुकाट काढले आणि मग एका मे महिन्यात त्यांना करवंदं हवीशी झाली. वेल्ह्याच्या डोंगरात वाढलेला माणूस. मे महिना आणि करवंदं नाहीत म्हणजे काय! करवंदं कुठून मिळणार? शेवटी शेजारच्या बागेतल्या हेगेलेबाईंनी त्यांच्या काळ्या योहानिसबेरेची, म्हणजे ब्लॅककरंटच्या झुडपाची, एक काडी दिली. रंग करवंदाचा, आंबटपणा करवंदाचा, काटे तेवढे नाहीत. "काट्यांचं बघू," असं म्हणत रामदासांनी ती काडी लावली, आणि तिची एवढी मोठी जाळी झाली की घरात सगळे तिला 'करवंदाची जाळी'च म्हणायचे. कच्च्या हिरव्या फळांचं ते दरवर्षी लोणचं घालायचे. शेवटची बरणी आज जेवायला उघडणार होती.

ती बाग उज्ज्वलनं सोडली होती. आज शेवटचा दिवस. नव्या जोडप्याला तिथे हिरवळ हवी होती आणि मुलांना उड्या मारायला ट्रॅम्पोलिन.

लीलाबाईंना हिरवळीशी भांडण नव्हतं. पण त्या जाळीच्या बुडाशी मूठभर रामदास होते. ही गोष्ट जगात फक्त लीलाबाईंना ठाऊक होती.

*

दुपारच्या जेवणाला क्रांती आली. "जय भीम, आई," म्हणत तिनं आईला मिठी मारली, वहिनीच्या हातात फुलं दिली, आणि भावाकडे बघून नुसती मान हलवली. लीलाबाईंनी ते टिपलं. बहीण-भाऊ ऑक्टोबरपासून एकमेकांशी मोजकंच बोलत होते.

सगळे बुद्धमूर्तीपुढे बसले. शेजारी रामदासांचा फोटो, बागेतलाच, हातात वीट घेतलेला. दुसरा धड फोटोच नव्हता त्यांचा. शेवटच्या दोन वर्षांत या माणसाला विटांची खोडच लागली होती. कुठूनतरी जुन्या विटा उचलून आणायचे आणि जाळीमागे, कुंपणाच्या बाजूला नेऊन ठेवायचे. कुणी हात लावला तर ओरडायचे. "निजवलंय तिला, उठवू नका!" कुणाला निजवलंय, विचारलं तर नुसते हसायचे. बागेच्या संघाकडून अस्ताव्यस्तपणाबद्दल दोनदा समज मिळाली. मुलांना वाटलं, बाबांचं वय झालं. लीलाबाईंनाही तसंच वाटलं होतं, आणि ते आठवलं की अजून वाईट वाटायचं.

त्रिसरण, पंचशील झालं. स्पृहाचे पाली शब्द जर्मन वळणाचे, पण पाठ सगळे होते. मग पानं वाढली. ईप्सितानं बरणी उघडली आणि प्रत्येकाच्या ताटात चमचाभर लोणचं वाढलं.  तिखट, आंबट, आणि तो उग्र वास.

"आल्झो... तर मग," क्रांती म्हणाली आणि लीलाबाईंनी ओळखलं, आता सुरू होणार. "ही शेवटची बरणी. पुढच्या वर्षी काय खायचं, दादा? ट्रॅम्पोलिन?"

"क्रांती, जेवताना नको."

"मग कधी? उद्या बागर आल्यावर? मला एक फोन करायचा होतास."

"केला होता," उज्ज्वल शांतपणे म्हणाला. तो शांत झाला की समजायचं, चिडलाय. "तू म्हणालीस, दादा, तू बघ. मी बघितलं."

"'बघ' म्हणजे सोडून दे, असं म्हटलं नव्हतं मी!"

"वर्षभरात तिथलं तण कुणी काढलं गं?" ईप्सिता नवऱ्याच्या बाजूनं उतरली. "तू उन्हाळ्यात आलीस, बेरी खाल्ल्यास, फोटो काढलेस. रागावू नकोस, पण खरं सांगते. हाच जायचा दर शनिवारी. ऑफिस करून, कंबर धरून."

"वहिनी, मी काय इथे कोपऱ्यावर राहते का?"

"तेच म्हणतोय मी!" उज्ज्वलनं पुरी ताटात टाकली. "तू लांब, मी कामात. आई एकटीच जायची तिथे. आणि ऑक्टोबरात ओल्या पानांवरून पाय घसरून पडली. अर्धा तास जमिनीवर होती, क्रांती. अर्धा तास! हेगेलेबाईंना दिसलं नसतं तर? त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं..." तो घोटभर पाणी प्यायला. "वर्षात दोघांना नाही गमवायचं मला. म्हणून सोडली बाग. झालं?"

 एवढं क्रांतीला कुणी सांगितलं नव्हतं. पडल्याचं माहीत होतं, अर्ध्या तासाचं नाही. तिनं आईकडे बघितलं, तशी लीलाबाईंनी नजर खिरीकडे वळवली.

"पण ती जाळी बाबांची होती रे," ती शेवटी म्हणाली. आवाज उतरला होता.

"मला कळत नाही का? पण झाड म्हणजे बाबा नाहीत. बाबा गावच्या नदीत गेले. मी माझ्या हातांनी सोडलं त्यांना, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून."

"सगळे नाही गेले," लीलाबाई म्हणाल्या.

बोलायचं ठरवलं नव्हतं त्यांनी. आयुष्यभर तोंड आवरत आलेली बाई, पण वर्षभर आत धरून ठेवलेलं आपलं आपण बाहेर पडलं. आता चौघेही त्यांच्याकडे बघत होते.

"म्हणजे?" उज्ज्वल म्हणाला.

"म्हणजे नदीवर जायच्या आदल्या दिवशी मी कलशातली मूठभर राख काढून घेतली होती. गावच्या घरात रिकामी अशी एकच डबी होती. हिंगाची. तिच्यात घातली, पिशवीत ठेवली, आणि इथे आणली."

"विमानातून?"

"मग काय चालत? त्या कस्टमवाल्यानं उघडायला लावली डबी. नाक असं मुरडलंन, आणि लगेच झाकण लावून दिलंन. 'गेव्युर्त्स?' म्हणाला. मसाला का म्हणून. मी म्हटलं, 'या, या.' हो म्हणून."

क्रांतीच्या तोंडून फिसकन हसू बाहेर पडलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"एप्रिलमध्ये जाळी फुलावर आली तेव्हा बुडाशी खड्डा केला आणि ठेवलं त्यांना," लीलाबाई म्हणाल्या. "तुमचे बाबा तिथे आहेत. आता काय ते बोला."

"आजोबा इस्ट इम गार्टन?" स्पृहानं डोळे मोठे करून विचारलं.

"हो, बाळा. बागेत आहेत."

पोरीला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिनं मान डोलावली आणि पुरी खायला लागली.

उज्ज्वलचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. "आई, हे... हे फरबोटन आहे! इथे राख बागेत पुरता येत नाही. फ्रिडहोफमध्येच, त्यांच्या दफनभूमीतच ठेवावी लागते. कायदा आहे!"

हा माझा मुलगा, लीलाबाईंच्या मनात आलं. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिवा हिरवा होईपर्यंत उभा राहणारा. त्यांना त्याची इतकी माया दाटून आली की हसावं की रडावं कळेना. "म्हणून तर तुला सांगितलं नाही, राजा. तुझी झोप उडाली असती."

"पण बाग सोडतोय म्हटल्यावर तरी सांगायचंस!"

"कशी सांगू? माझ्या उशाशी बसून हातात हात घेऊन सांगत होतास. माझ्यापायी इतका घाबरला होतास. म्हटलं, लेकराला आणखी कशाला... म्हटलं, काड्या लावते. त्या मातीतलं पिऊन वाढलेल्या काड्या आहेत. त्या घरी जगल्या की झालं. जाळी जाईना का मग."

उज्ज्वलनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ईप्सिता उठली, पण नवऱ्याकडे गेली नाही. सासूच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो आई, मग झालं तर!" ती डोळे पुसत म्हणाली. "काड्या फुटल्यात की! सगळ्या फुटल्यात. उज्ज्वल, बघ ना खिडकीत. बाबा घरीच आलेत."

लीलाबाईंना वाटलं, आत्ता या क्षणी जमीन दुभंगावी. त्या खुर्चीवरून उठल्या, ईप्सिताला आपल्या खोलीतल्या खिडकीशी घेऊन गेल्या, आणि एक काडी उपसून ईप्सिताच्या तळहातावर ठेवली. वर दोन ओली, पोपटी पानं. खाली काहीच नाही.

"मूळ नाही?" ईप्सितानं विचारलं.

"नाही."

"दुसऱ्या?"

"बघ तू."

तिनं दुसरी ओढली, तिसरी ओढली. सगळ्या अलगद हातात आल्या. खोलीभर त्या पानांचा उग्र, मांजरासारखा वास पसरला. "उबेमुळे?" ती हळू आवाजात म्हणाली. "मी आत आणल्या म्हणून?"

"तू त्यांना थंडी वाजू नये म्हणून आणल्यास. एवढंच केलंस."

"मीच मारल्या, आई." आणि ती खाली फरशीवर बसून रडायला लागली, लहान मुलीसारखी, नाक ओढत. क्रांती तिच्याजवळ जाऊन बसली. मघाशी तणावरून भांडत होत्या त्या दोघी आता एकमेकींना धरून बसल्या. स्पृहानं घास घाईनं गिळला आणि तीही आईला बिलगली.

सगळ्यांत आधी ईप्सिताच उठली. नाक पुसलं, केस बांधले. "उद्या बागर येणार ना? मग आज बाग आपलीच आहे. चला. ताटं नंतर."

*

गाडीत कुणी फारसं बोललं नाही. श्टुटगार्ट धुक्यात बुडालं होतं. टेकड्या नाहीत, कारखान्यांच्या चिमण्या नाहीत, नुसते दिवे पुढून येत आणि मागे जात. लीलाबाई काचेला डोकं टेकून बसल्या होत्या. त्यांना पुन्हा पहाटेच्या स्वप्नात शिरल्यासारखं वाटत होतं. रामदास कुठल्याही वळणावर दिसतील, हात करतील, गाडी थांबवा म्हणतील, असं वाटत होतं.

बागेच्या फाटकाशी हेगेलेबाईच उभ्या होत्या. नव्वदीला टेकलेली बाई, डोक्याला लोकरी टोपी, हातात काठी. उज्ज्वलनं सांगितलं, आम्ही काड्या न्यायला आलोय. राखेचं अर्थातच सांगितलं नाही. म्हातारी जाळीपाशी आली, चष्मा वर करून तिनं एक फांदी डोळ्यांजवळ धरली, आणि मान हलवली. "नोई, नोई." मागच्या आठवड्यातल्या उन्हानं घात केला होता. फांद्यांवरचे डोळे फुगले होते, काहींतून हिरवं डोकावत होतं. जाळी जागी झाली होती. कापा, म्हणाली ती, न्या, प्रयत्न करा. पण झोपेत असताना कापायची असते. आता कापलेल्या किती जगतील, सांगता येत नाही. ती लीलाबाईंच्या दंडाला धरून असं हळू सांगत होती, की लीलाबाईंना वाटलं हिला राखेचंही ठाऊक असावं.

तरी कापल्या. क्रांती कापत होती, ईप्सिता बुडं एका बाजूला लावून जुडी बांधत होती, स्पृहा पडलेले तुकडे गोळा करत होती. ओल्या लाकडाचा वास धुक्यात भरून राहिला. लीलाबाई जाळीच्या बुडाशी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी हातमोजा काढून मातीवर तळवा ठेवला. गार, ओली माती.

अहो, त्या मनातल्या मनात म्हणाल्या, मला जमलं नाही हो. सांभाळायला हवं होतं, नाही जमलं.

 कुंपणापलीकडच्या रुळांवरून एक गाडी धडधडत गेली, दिसली नाही.

उज्ज्वल जाळीमागे कुंपणाकडे गेला होता. ताबा देताना बागेत विटा-दगड राहता कामा नयेत असा नियम होता, आणि हा नियमाचा माणूस, बापाच्या स्मृतिदिनाला धुक्यात उभा राहून विटा उचलत होता. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं, हे आईला कळत होतं. वाढलेल्या गवतातून एकेक वीट काढायची आणि हातगाडीत टाकायची. धप्प. धप्प. एका विटेखालून निघालेली बारकी फांदी त्यानं ओढून बाजूला टाकली. सडकी होती, तुटली.

मग आवाज थांबला.

"आई."

"काय रे?"

"ही येत नाहीये."

"काय येत नाहीये?"

"फांदी. विटेखालची. ओढतोय, पण सुटत नाहीये."

लीलाबाई उठल्या. जाळीमागे गेल्या. फांदी जाळीच्याच पोटातून निघाली होती, जमिनीपर्यंत वाकवलेली, वीतभर मातीखाली गेलेली, आणि पलीकडे पुन्हा वर आलेली. वर आलेल्या टोकाला सुतळीनं एका काठीशी सैल बांधलं होतं. गाठ रामदासांची. त्यांच्या सगळ्या गाठी अशाच, दोनदा मारलेल्या.

"ओढू नको," त्या म्हणाल्या. "ओढू नको रे. धरलंय तिनं."

"काय धरलंय?"

"मूळ! अरे, दाब कलम आहे हे. भोसरीच्या क्वार्टरमध्ये मोगऱ्याचं करायचे, आठवत नाही? फांदी वाकवायची, मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा आणि नाव काढायचं नाही. आईपासून तोडायच्या आधी तिची तिला मुळं फुटू द्यायची." त्यांनी सुतळीच्या गाठीवरून बोट फिरवलं. "निजवलंय म्हणत होते ना? निजवलंय, उठवू नका. आणि आपण म्हणत होतो, यांना भ्रम झालाय."

उज्ज्वल गवतात गुडघ्यांवर बसला. फावडं शेजारी होतं, पण त्यानं घेतलं नाही. हातांनीच माती उकरायला लागला, हातमोजे न घालता, चांगल्या पँटवर. रविवारी बागेत खणू नये असाही काहीसा नियम तिथे होता. हेगेलेबाईंनी हळूच पाठ फिरवली आणि त्या आपल्या सफरचंदाच्या झाडाकडे निरखून बघत राहिल्या.

माती बाजूला झाली तशी मुळं दिसली. पांढरी, दाट, चांगली मनगटभर जुडी, मातीला घट्ट धरून बसलेली. क्रांती धावत आली. पुढच्या विटेखाली अजून एक फांदी निघाली, तीही धरलेली. त्यापुढची मेली होती. दोनच जगल्या होत्या, पण दोन होत्या.

"एक तुमच्या बाल्कनीत मोठ्या टबात," क्रांती म्हणाली. "एक माझ्याकडे, घरामागे. चालेल ना, दादा? मी तण काढेन. शपथ."

"चालेल," उज्ज्वल म्हणाला. मग ईप्सिताकडे बघून, "टब बाहेरच ठेवायचा हं."

ईप्सिता रडता रडता हसली. "हातसुद्धा लावणार नाही मी."

नाळ कापायचं काम त्यांनी आईला दिलं. लीलाबाईंनी कात्री घेतली, जाळीकडच्या बाजूनं फांदी तोडली, एक, मग दुसरी. उज्ज्वलनं मुळं मातीसकट उचलून दोन बादल्यांत ठेवली. आणि मग तो जाळीच्या बुडाशी आला. "कुठे, आई?" त्यानं विचारलं. लीलाबाईंनी बोटानं जागा दाखवली. तिथली ओंजळ ओंजळ माती उकरून त्यानं दोन्ही बादल्यांत घातली, मुळांवर, हलक्या हातानं, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तशी. कायद्याचं नाव त्यानं काढलं नाही.

काम झाल्यावर तो तसाच बसून राहिला. धुकं इतकं दाटलं होतं की जाळीपलीकडची क्रांती आणि ईप्सिता नुसत्या सावल्या झाल्या होत्या. त्यानं मातीनं भरलेले हात नाकाशी नेले. पुन्हा नेले.

"आई," तो म्हणाला, "हिंगाचा वास येतोय."

वर्षभराचा पाऊस झाला होता त्या मातीवर, बर्फ झाला होता. हिंग कुठला राहतोय! पण लीलाबाई त्याच्या शेजारी ओल्या गवतात बसल्या, त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि त्यांवर चेहरा ठेवला. डोळे मिटून त्यांनी मोठा श्वास घेतला, तसाच धरून ठेवला, आणि मग सावकाश सोडला.

"हो रे," त्या म्हणाल्या. "येतोय."